टांगलेलं शिल्प म्हणजे पुरावा नव्हे

२०१६ पासून एक दावा फिरतो आहे आणि दर काही महिन्यांनी नवा मथळा लावून परत येतो. वॉशिंग्टनमधले बडे राजकारणी आणि काही नामवंत कलावंत मिळून सैतानाची पूजा करतात, लहान मुलांवर अत्याचार करतात आणि त्याच्या खुणा त्यांच्या घरांतल्या कलाकृतींत उघड दिसतात, असं त्यात म्हटलेलं असतं. घरबसल्या शोध घेणाऱ्या हजारो लोकांनी फोटोंवर लाल वर्तुळं काढून हा दावा उभा केला. एका जेवणाचं निमंत्रण, एक पाच टोकांची चांदणी, छताला टांगलेलं एक शिल्प आणि एक पिझ्झाचं रेस्टॉरंट, हा त्यांचा पुरावा. तो एकेक करून तपासू.

आधी निमंत्रण. ऑक्टोबर २०१६ मध्ये गोपनीय कागदपत्रं उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळाने हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांचे ईमेल प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांत जून २०१५ चा एक ईमेल होता. मरीना अब्रामोविच या कलावतीने जॉनचे भाऊ टोनी यांना लिहिलं होतं की माझ्या घरच्या ‘स्पिरिट कुकिंग’ जेवणाची मी वाट पाहते आहे, तुमचा भाऊ येणार का ते कळवा. टोनींनी तो ईमेल जॉनना पुढे पाठवला. कागदावर आहे ते इतकंच. दाव्यात मात्र याचा रक्तविधी झाला आणि जॉन तिथे हजर होते, असंही ठरलं.

जॉन आलेच नव्हते आणि दहाएक पाहुण्यांचं ते साधं जेवण होतं, असं अब्रामोविच यांनी नंतर सांगितलं. त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. २०१३ साली त्यांनी आपल्या संस्थेसाठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली होती, ते पान बघा. दहा हजार डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला मिळणाऱ्या भेटीत हेच जेवण याच नावाने छापलेलं आहे आणि मरीना पाहुण्यांना पारंपरिक सूप करायला शिकवतील, असं त्याखाली लिहिलं आहे. जो विधी गुप्त म्हणून सांगितला जातो, त्याची जाहिरात दोन वर्षं आधीपासून साऱ्या जगासमोर होती.

नावाचा उगमही लपलेला नाही. १९९६ मध्ये अब्रामोविच यांनी याच नावाचा छापचित्रांचा आणि छोट्या मजकुरांचा एक संच केला. मजकूर पाककृतींच्या थाटात आहेत. एकीत तेरा हजार ग्रॅम मत्सर घ्यायला सांगितलं आहे. ही काव्यातली मापं आहेत, चुलीवरची नाहीत. पुढच्या वर्षी इटलीतल्या एका कलादालनात त्यांनी असेच मजकूर पांढऱ्या भिंतींवर डुकराच्या रक्ताने लिहिले. त्याचे फोटो बघताना माझ्याही अंगावर काटा येतो. कुणाला ते किळसवाणं वाटलं तर तो त्याचा हक्क आहे. पण १९९७ मधलं दालनातलं काम आणि २०१५ मधलं घरचं जेवण यांच्यात नावाखेरीज दुवा दाखवायचा असेल तर तो दाखवणाऱ्याने दाखवायला हवा. तो आजवर कुणी दाखवलेला नाही.

आता चांदणी. १९७४ साली प्रेक्षकांसमोरच्या एका कलाप्रयोगात अब्रामोविच यांनी लाकडाची पाच टोकांची मोठी चांदणी पेट्रोलमध्ये भिजवून पेटवली आणि तिच्या मधोमध त्या आडव्या झाल्या. आगीने प्राणवायू कमी पडला, शुद्ध हरपली, प्रेक्षकांनी ओढून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी इन्सब्रुकमध्ये त्यांनी ब्लेडने स्वतःच्या पोटावर चांदणी कोरली. याला सैतानाचं चिन्ह म्हणणाऱ्यांनी त्यांचं जन्मस्थळ तरी बघायला हवं होतं. जन्म १९४६, बेलग्रेड, आईवडील दोघंही युद्धकाळातले पार्टिझन, म्हणजे नाझींविरुद्ध लढलेले कम्युनिस्ट लढवय्ये. त्या वाढल्या त्या युगोस्लाव्हियाच्या झेंड्यावर मधोमध पाच टोकांची लाल चांदणी होती. त्यांनी पेटवलं ते आपल्याच राजवटीचं चिन्ह.

टांगलेल्या शिल्पाचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो. टोनी पोडेस्टा यांच्या घरात लुईझ बुर्ज्वा या शिल्पकार बाईंचं १९९३ मधलं एक ब्राँझ शिल्प होतं: शिर नसलेला पुरुष, धनुष्यासारखा मागे वाकलेला, अधांतरी. शोध घेणाऱ्यांनी ते जेफ्री डामर या खुन्याने काढलेल्या एका बळीच्या फोटोशेजारी ठेवलं आणि नक्कल पकडली म्हणून जाहीर केलं. डामर १९९१ मध्ये पकडला गेला, शिल्प १९९३ चं, म्हणजे झालं सिद्ध.

ही कमान शंभर वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात डॉक्टर शार्को उन्मादाच्या, म्हणजे तेव्हा हिस्टेरिया म्हणत त्या आजाराच्या रुग्णांवर अभ्यास करत. झटक्यात शरीर असं कमानदार होतं, याची रेखाटनं त्यांचे सहकारी पॉल रिशे यांनी केली. १८८७ मध्ये आंद्रे ब्रुइए यांनी शार्कोंच्या व्याख्यानाचं मोठं चित्र रंगवलं. ते सावकाश बघा. काळ्या कोटातल्या पुरुषांची गर्दी, सहायकाच्या हातावर रेललेली एक बाई, आणि डावीकडे भिंतीवर लावलेलं एक रेखाटन: मागे वाकून कमान झालेली स्त्री. बुर्ज्वांची आकृती याच रुग्णालयाच्या इतिहासातून येते. उन्माद हा बायकांचाच रोग, असं जे डॉक्टर धरून चालत होते, त्यांना उत्तर म्हणून त्यांनी त्या कमानीत पुरुषाचं शरीर ठेवलं. बाईच्या वेदनेबद्दल बोलणाऱ्या कामाला खुन्याच्या फोटोची नक्कल म्हणणं हा मोठा अन्याय आहे.

टोनींच्या संग्रहात पाहुण्यांना अस्वस्थ करणारे फोटो होते, हेही खरं. ते वॉशिंग्टन पोस्टने २००४ मध्येच छापलं होतं. आवडीनिवडीवर जरूर टीका करा. आवड हा गुन्ह्याचा पुरावा मात्र होत नाही.

रेस्टॉरंटबद्दल फार लिहायची गरज नाही. कॉमेट पिंग पाँगच्या तळघरात मुलं कोंडली आहेत, असा दावा होता. त्या इमारतीला तळघरच नाही. ४ डिसेंबर २०१६ रोजी नॉर्थ कॅरोलिनातला एक तरुण रायफल घेऊन आत शिरला आणि त्याने गोळ्या झाडल्या. एकही कोंडलेलं मूल सापडलं नाही. कुणी दगावलं नाही, पण त्या वेळी आत कामगार होते, जेवायला आलेली माणसं होती. तरुणाला २०१७ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. फोटोंवर लाल वर्तुळं काढणाऱ्यांपैकी कुणाला काही झालं नाही.

शेवटी उरतो तो बिनतोड वाटणारा प्रश्न: कला आणि सत्ता यांचे लागेबांधे असतातच ना? असतात, आणि ते शोधायलाच हवेत. २०२० मध्ये अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने दाखवून दिलं की मार्च २०१४ मध्ये निर्बंध लागल्यानंतरही पुतिन यांच्या जवळच्या रोटेनबर्ग बंधूंशी जोडलेल्या बेनामी कंपन्यांनी अमेरिकेत एक कोटी ऐंशी लाख डॉलरहून जास्त किमतीची कला विकत घेतली. चित्रांत काय रंगवलंय याच्याशी त्या तपासाचा संबंध नव्हता. बँकेचे व्यवहार, लिलावघरांचे ईमेल आणि कंपन्यांची कागदपत्रं यांतून ते बाहेर आलं.

खुद्द टोनी पोडेस्टांचंच बघा. त्यांच्या लॉबिंग कंपनीने, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी वजन वापरणाऱ्या कंपनीने, युक्रेनशी निगडित कामाची परदेशी हितसंबंधांच्या कायद्याखालची नोंदणी एप्रिल २०१७ मध्ये उशिराने केली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला ते कंपनीतून पायउतार झाले. चौकशी झाली आणि २०१९ मध्ये आरोप न ठेवता बंद झाली. विचारण्याजोगे प्रश्न त्या फायलींत होते, आणि हजारो लोक छताला टांगलेल्या शिल्पाकडे बघत बसले.

लागेबांधे शोधायचं हे काम एका कलावंतानेच नीट करून दाखवलं आहे. मार्क लोम्बार्डी, २००० साली वारले. बँका, शस्त्रविक्री आणि राजकारणी यांचे संबंध ते पेन्सिलीने वर्तुळं आणि कमानी काढून मांडत. माहिती सगळी छापील बातम्यांतून आणि पुस्तकांतून घेतलेली, सुमारे चौदा हजार कार्डांवर हाताने उतरवलेली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात फोन वाजला. एफबीआयचा माणूस विचारत होता, तुमच्याकडचं लोम्बार्डींचं चित्र बघायला मिळेल का?