७५ दिवस बॅकअप झालाच नाही, आणि कुणी ब्रसुद्धा काढला नाही

शेवटचा बॅकअप ७ जूनचा. आज २१ ऑगस्ट. मधल्या ७५ दिवसांत माझ्या लॅपटॉपवरून एक अक्षर सर्व्हरवर गेलेलं नाही आणि हे मला कळलं कधी, तर लॅपटॉपची एसएसडी, म्हणजे आतली डिस्क, मेल्यावर. नुसता संताप संताप होतोय.

मी गिरगावात घरूनच डीटीपी करते. हे दिवस दिवाळी अंकांचे. दोन अंकांची मिळून १४० पानं लावून झाली होती. लेखकांचा मजकूर मेलवर आहे, तो परत मिळेल. पण लावलेली पानं गेली आणि दुरुस्त्या गेल्या. आमची प्रुफं दादरचे एक काका वाचतात. वय ७४, हातात भिंग, लाल पेनने समासात खुणा. एकेका लेखाची त्यांनी तीन-तीन वाचनं केली होती. दुरुस्त्या फाइलमध्ये घेतल्या की ते कागद मी रद्दीत देते. रद्दीवाला गेल्याच आठवड्यात येऊन गेला.

आणि ‘एखाद्या हार्ड डिस्कवर कॉपी मारून ठेवायची ना’ हे मला कुणीही ऐकवू नका. २६ जुलै २००५ ला मी कुर्ल्यात तळमजल्यावरच्या एका प्रेसमध्ये कामाला होते. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. प्रेसमधला कॉम्प्युटर पाण्याखाली गेला, आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात होती, तीही गेली. एका खोलीतल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे मला तेव्हापासून माहीत आहे.

म्हणून तर लांबचा सर्व्हर भाड्याने घेतला. भावाने रेस्टिक नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर बसवून दिलं. ते फाइली लॅपटॉपवरच एन्क्रिप्ट करून मग पाठवतं, सर्व्हरवाल्याला आतलं काही वाचता येत नाही. लोकांचं न छापलेलं लिखाण माझ्याकडे असतं, मला हे हवंच होतं. पासफ्रेज, म्हणजे ते उघडायचा लांब पासवर्ड, हरवली तर डेटा कायमचा गेला, म्हणून ती कागदावर लिहून कपाटात विम्याच्या कागदांबरोबर ठेवली. पहिला बॅकअप १८० जीबीचा. अपलोड २० एमबीपीएस. २० तासांच्या वर लागले, तेवढा वेळ लॅपटॉपला हात लावला नाही. सगळं रीतसर केलं. मग ज्याला त्याला विचारलं, तर एकच सल्ला: आता क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, लाव आणि विसरून जा.

हे ‘विसरून जा’च माझ्या डोक्यात जातं!

८ जूनला मी क्रॉनमधल्या बॅकअपच्या ओळीत एवढीच भर घातली, की रोजच्या बॅकअपची नोंद त्या-त्या तारखेच्या नावाच्या फाइलमध्ये जावी. का? तर बॅकअप होतोय की नाही ते दिसावं म्हणून! तारखेसाठी त्या ओळीत टक्क्याचं चिन्ह येतं. टर्मिनलवर ती ओळ चालवून पाहिली, बिनचूक चालली. पण क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या ओळींच्या फाइलमध्ये, टक्का आला की ओळ तिथेच तुटते, त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. मॅन्युअलमध्ये लिहिलंय, हो, आता वाचलं मी. पण जी ओळ हाताने चालते ती क्रॉनमध्ये मरते, आणि ती सेव्ह करताना समोर एक सूचना येत नाही?

बरं, चूक झाली. मग सांगा ना! चूक झाली की क्रॉन तसा निरोप मेलने पाठवतो म्हणे. कुठल्या मेलने? माझ्या लॅपटॉपवरच्या उबुंटू लिनक्सवर तसला मेल पाठवणारा प्रोग्रॅमच नव्हता. मग क्रॉन तो निरोप टाकून देतो, आणि सिस्टिम लॉगमध्ये एक ओळ लिहितो की मेलची सोय नाही, आउटपुट टाकून देत आहे. भावाच्या लॅपटॉपवर तीच ओळ पुन्हा टाकून आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. घर जळतंय असं चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी फाडून टाकायची, हा कुठला प्रकार? शिवाय रात्री २ वाजता लॅपटॉप बंद असला तर क्रॉन तो दिवस सरळ सोडून देतो. राहिलेलं काम सकाळी करून घ्यायचं तर अ‍ॅनाक्रॉन लावा, नाहीतर सिस्टिमडीचा टायमर लावा आणि त्यात पर्सिस्टंट चालू करा. हे ‘विसरून जा’वाल्यांपैकी एकानेही सांगितलं नव्हतं.

आणि ती सर्व्हर कंपनी! मे महिन्यात कार्डावरून पैसे कापले गेले नाहीत, तर एका दिवसात तीन मेल आले. इथे ७५ दिवस एक बाइट आला नाही, तर चकार शब्द नाही. एन्क्रिप्शनमुळे आतलं दिसत नाही, मान्य. पण रोज येणारं काही आलंच नाही, हे तर दिसतं ना? त्याला पासफ्रेज लागत नाही. भाडं मात्र जून, जुलै, ऑगस्ट, तिन्ही महिन्यांचं गेलं.

कपाटातून कागद काढून भावाच्या लॅपटॉपवर पासफ्रेज टाकली, ती पहिल्या फटक्यात चालली. स्नॅपशॉटची, म्हणजे झालेल्या बॅकअपची, यादी आली. ५ जून, ६ जून, ७ जून. त्याखाली काही नाही. मी तीच कमांड चार वेळा चालवली.

भावाने काल नवीन सोय लावली. बॅकअप नीट झाला की एका पत्त्यावर निरोप जातो, आणि २६ तासांत तो निरोप गेला नाही तर माझा फोन वाजतो. दहा मिनिटांचं काम होतं. दहा मिनिटांचं! बॅकअपच्या प्रत्येक साधनात हे पहिल्या दिवसापासून असायला हवं, मागून घ्यायची गोष्ट आहे का ही?

काकांना अजून सांगितलेलं नाही. मघाशी त्यांचाच फोन आला होता, पुढची प्रुफं कधी पाठवतेस म्हणून.