सीआरपी वाढला म्हणजे मेटाबोलिक सिंड्रोम झालाच का?

परभणी-हिंगोलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या सीआरपीबद्दल, म्हणजे शरीरात सूज असली की रक्तात वाढणाऱ्या एका प्रथिनाबद्दल, एक मेसेज फिरतोय. त्यात त्याची सांगड घातलीय मेटाबोलिक सिंड्रोमशी, म्हणजे पोटाचा घेर, बीपी, शुगर आणि रक्तातली चरबी यांचे बिघाड एकत्र येण्याशी. मजकूर थोडक्यात असा: ‘बीपी, शुगर, सुटलेलं पोट या सगळ्यांचं मूळ एकच, शरीरात दडलेली सूज. ती सीआरपीच्या एका तपासणीत पकडली जाते. सीआरपी वाढला म्हणजे मेटाबोलिक सिंड्रोम झालाच. नॉर्मल आला तर निर्धास्त राहा. वाढला असेल तर कच्ची हळद, काळी मिरी आणि तूप २१ दिवस घ्या. सीआरपी उतरला की गोळ्या बंद.’ माझी पॅथॉलॉजी लॅब आहे, त्यामुळं या मेसेजनं माझं गिऱ्हाईक वाढतंय. तरी सांगतो, यातलं बारा आणे चूक आहे.

उरलेले चार आणे आधी देऊन टाकू. पोटात आतड्यांभोवती साठलेली चरबी नुसती पडून नसते. तिथून आयएल-६ सारखी रसायनं रक्तात सुटतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी तयार करतं. म्हणून पोट सुटलेल्यांचा सीआरपी सरासरीनं जास्त निघतो. अमेरिकेतल्या स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात २००१ साली असंही दिसलं, की ज्यांचा सीआरपी आणि आयएल-६ आधीपासून चढा होता त्यांच्यात पुढं मधुमेह जास्त झाला. संबंध आहे, तो कुणी नाकारत नाही.

पण ‘वाढला म्हणजे झालाच’? सीआरपी सापडला १९३० मध्ये, तोही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. गावात रात्री कुत्री भुंकायला लागली की कुणीतरी आलंय एवढं कळतं; चोर आहे की पाव्हणा, ते कळत नाही. सीआरपीचं तसंच. दाढ किडलेली असो, पावसाळ्यातला चिकुनगुनिया असो, विडी-सिगारेट असो नाहीतर गरोदरपण, तो वाढतो. ऊसतोडीचा हंगाम संपवून आलेल्या एखाद्या बाईचा रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. सीआरपी १४, ईएसआर (सुजेचा अंदाज देणारी आणखी एक रक्ततपासणी) ४८, आणि त्याच कागदावर वरच्या ओळीत हिमोग्लोबिन ८.२. मिश्री लावून हिरड्या सुजलेल्या, पायाला चिघळलेली जखम, कंबर जेमतेम ६८ सेंटीमीटर. मेसेजच्या हिशेबानं हिला मेटाबोलिक सिंड्रोम. प्रत्यक्षात तिला हवाय दातांचा डॉक्टर, जखमेचं ड्रेसिंग आणि रक्तवाढीचा इलाज. ईएसआर तर नुसतं रक्त कमी असलं तरी चढतो.

सिंड्रोम ठरवायचे निकष पाच आहेत. आपल्याकडच्या लोकांसाठी कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटीमीटर किंवा जास्त. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, १५० किंवा जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली. बीपी १३०/८५ किंवा त्यावर. उपाशीपोटी शुगर १०० किंवा जास्त. यातल्या एखाद्या गोष्टीची गोळी चालू असेल तर तीही धरायची. पाचांपैकी तीन जमले की सिंड्रोम. या यादीत सीआरपी कुठंच नाही.

‘नॉर्मल आला तर निर्धास्त’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण त्यामागं काय घडतं ते रिपोर्टवर दिसत नाही. बऱ्याच लहान लॅबमध्ये सीआरपी स्लाइडवर करतात. काळ्या काचेवर सीरमचा एक थेंब, त्यात लॅटेक्सचा एक थेंब, काडीनं कालवायचं आणि दोन मिनिटं हलवत बघत बसायचं. दाणे धरले तर पॉझिटिव्ह, दुधासारखं एकसारखं राहिलं तर निगेटिव्ह. हे दाणे साधारण ६ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या पुढंच दिसतात. हृदयविकाराच्या धोक्याची मोजदाद मात्र त्याच्या खूप खाली चालते: १ च्या आत कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. ती करायला एचएस-सीआरपी ही वेगळी तपासणी लागते. म्हणजे ४ आकडा असलेला माणूस स्लाइडवर निगेटिव्ह येतो आणि खुशाल घरी जातो. त्यातून एकक बघायची सवय कुणाला नाही. काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथला ०.४ म्हणजे इथला ४.

आणि एचएस-सीआरपी खरोखर कमी असला तरी कंबर ९८ आणि बीपी १४५ असेल तर काय? काही नाही, धोका आहे तिथंच. मोंढ्यात बसणारे कितीतरी जण सांगतात, ‘माझी पँट अजून ३४ चीच आहे.’ असेल ना, ती पोटाच्या खाली बांधलेली असते. टेप लावायचा शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, उभं राहून, श्वास सोडल्यावर. वजनकाट्यावरही फार विसंबू नका. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

आता ‘मूळ एकच’. सीआरपी स्वतःच रोगाचं कारण असता, तर जन्मजात जनुकामुळं ज्यांचा सीआरपी जास्त राहतो त्यांच्यात सिंड्रोमही जास्त दिसायला हवा होता. ब्रिटनमध्ये हे तपासून पाहिलं, निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. तसं दिसलं नाही. २००८ च्या ‘ज्युपिटर’ नावाच्या औषध-चाचणीत रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीनं सीआरपी ३७ टक्क्यांनी उतरला, हृदयविकाराचे झटकेही कमी झाले. पण मधुमेहाच्या नव्या नोंदी उलट गोळी घेणाऱ्यांतच थोड्या जास्त झाल्या. सीआरपी खाली आणला की शुगरही सुधारते, हे गणित तिथंच मोडतं.

राहता राहिली हळद. वसमतची हळद पिकवणाऱ्यांना हळदीचे गुण मी काय सांगणार! पण हळदीत करक्युमिन, म्हणजे तिच्यातला गुणकारी मानला जाणारा घटक, असतं तीनेक टक्के, आणि पोटातून रक्तात जातं त्याहून फारच थोडं. चाचण्यांत सीआरपी थोडाफार उतरलेला दिसला तो बहुतेक अर्काच्या मोठ्या मात्रेनं. मिरीमुळं करक्युमिन जास्त शोषलं जातं हे खरं. पण मिरीतलं पायपेरीन काही औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवतं, आणि हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्णही नोंदले गेलेत. भाजीतली हळद खा की. पण २१ दिवसांनी बीपी-शुगरची गोळी बंद करू नका.

रिपोर्ट आधीच हातात असेल आणि सीआरपी १० च्या वर असेल, तर ताप, जखम, दात, लघवीची जळजळ यांचं आधी डॉक्टरांना सांगा आणि बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. सिंड्रोम बघायचा असेल तर बीपी मोजून घ्या, कंबर मोजा, आणि उपाशीपोटीची शुगर व लिपिड प्रोफाइल करा. त्यासाठी रात्री जेवल्यावर सकाळपर्यंत पाण्याशिवाय काही घेऊ नका, चहाही नको. सीआरपीला उपाशी राहावं लागत नाही, या दोन तपासण्यांना लागतं.