नाव बदललं म्हणजे कार्ड जळालं होय?

गेल्या आठवड्यापासून आमच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरतोय. लिनक्स लॅपटॉपचं नेट अचानक गेलं तर नेटवर्क कार्ड जळालं समजा, लिनक्स दर अपडेटला कार्डाचं नाव मनाला येईल तसं बदलतं, ग्रबमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेट डॉट आयएफनेम्स=० (नवीन पद्धतीची नावं बंद) टाकलं की कायमचं सुटतंय, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. माझ्या मावसभावानं पण हाच मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, नवीन कार्ड कितीला बसंल?"

आधी जळण्याचं बघू. त्याचं उद्यमनगरात वर्कशॉप आहे, डेबियनचा (लिनक्सचाच एक प्रकार) लॅपटॉप लॅन केबलनं थेट सीएनसीला, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला, जोडलेला, आयपी म्हणजे नेटवर्कवरचा नंबर फिक्स. शनिवारी त्यानं लॅपटॉपमध्ये एनव्हीएमई एसएसडी (नवीन वेगवान डिस्क) बसवून घेतली आणि सोमवारी मशीनला प्रोग्राम जाईना. मी म्हटलं टर्मिनल उघड आणि 'आयपी लिंक' मार, तर कार्ड तिथंच बसलेलं, फक्त त्याचं नाव ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० झालेलं, आणि फिक्स आयपीची सेटिंग जुन्या नावावरच राहिलेली. आयएफकॉन्फिग ही जुनी कमांड नुसती मारली तर बंद असलेला इंटरफेस (लिनक्सला दिसणारं कार्ड) दाखवतच नाही, आणि निम्मी जनता तिथंच "कार्ड गेलं" म्हणून रडायला लागते. 'आयपी लिंक'मध्ये पण नसेल तर 'एलएसपीसीआय -एनएनके' बघा, ती आत बसवलेल्या कार्डांची यादी देते. तिथं कार्ड दिसतंय पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही, मग ड्रायव्हर नाहीतर फर्मवेअरचा (कार्डाच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) घोळ. तिथं पण नाही दिसलं तर मग बायोस बघा, कार्ड नीट बसलंय का बघा, आणि त्यानंतर जळाल्याची शंका घ्या की. वायफायवाल्यांनी त्याआधी 'आरएफकिल लिस्ट' मारावी, वायफाय बंद केलंय का ते कळतं, कधीकधी नुसतं बटण दाबलेलं असतंय.

दुसरं, नाव मनाला येईल तसं बदलतं म्हणे. उलटं आहे! ईएन म्हणजे इथरनेट, पी३ म्हणजे पीसीआय बस (कार्डं जोडायची आतली लाईन) ३, एस० म्हणजे स्लॉट ०, म्हणजे हे नाव कार्डाचा पत्ताच आहे. नवीन एसएसडी आली, बसचे नंबर पुढं सरकले, पत्ता बदलला. भावाच्या लॅपटॉपवर अपडेटचा त्यात काय संबंध? ही पद्धत सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) १९७ व्या आवृत्तीत, जानेवारी २०१३ मध्ये आली, ती मुळात जुन्या ईटीएच०-ईटीएच१ च्या अदलाबदलीला कंटाळूनच, कारण कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जे कार्ड आधी सापडेल ते ईटीएच० व्हायचं.

आता तो ग्रबचा उपाय. एकच लॅन पोर्ट असेल तर चालतो, खोटं कशाला बोलू. पण यूएसबी लॅन डोंगल लावला की ईटीएच० कोण आणि ईटीएच१ कोण याची गॅरंटी नाही, म्हणजे २०१३ च्या आधीचं दुखणं परत घरात घेतलं. भावाला मी ईटीसी, सिस्टमडी, नेटवर्क या फोल्डरमध्ये एक डॉट लिंक फाईल करून दिली, मॅचखाली कार्डाचा मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा ठरलेला नंबर) आणि लिंकखाली आपल्या पसंतीचं नाव. नाव मात्र ईटीएच० वगैरे ठेवू नका, कर्नलशी टक्कर होते. नेटवर्कच्या इंटरफेसेस फाईलमध्ये जुनं नाव होतं तिथं हे नवीन टाकलं, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' मारलं (म्हणजे सुरू होतानाच्या फाईलींमध्ये पण हा बदल जातो), रीबूट. आता अजून एक एसएसडी घाल, नाव हलत नाही.

आणि फॉरमॅट! फॉरमॅट मारल्यावर नेट येतं हे खरंय, म्हणूनच तर हा मेसेज पुढं पुढं जातोय. पण येतं का, तर इन्स्टॉलर त्या दिवशी जे नाव दिसतंय तेच फाईलमध्ये लिहितो. म्हणजे एका शब्दासाठी सगळी डिस्क पुसायची, वर सीएनसीचे प्रोग्राम पण गेले. भावाचा सगळा बॅकअप त्याच लॅपटॉपवर होता, मर्दा.