चाळीस मिनिटांत कसलं ध्यान?

कन्याकुमारीहून येऊन चार दिवस झाले, पण माझा संताप काही उतरून नाही राहिला. नागपुरातल्याच एका टूरवाल्याकडे पैसे भरले होते. भरताना तीनदा सांगितलं, बाकी काही दाखवलं नाही तरी चालेल, आईला विवेकानंद शिलास्मारकावर निवांत बसू द्या. "हो ताई, टेन्शनच घेऊ नका!"

आणि तिथं? अख्खी सकाळ ओळखीच्या शंख-शिंपल्यांच्या दुकानात घालवली. मग बोटीच्या रांगेत दोन तास उन्हात. खडकावर पाय ठेवला तर हा घड्याळ दाखवतो, चाळीस मिनिटांत परत या.

चाळीस मिनिटं! १८९२च्या डिसेंबरात स्वामीजी जिथं तीन दिवस ध्यानाला बसले, तिथं!

माझ्या आईनं शाळेत असताना या स्मारकासाठी एक रुपया दिला होता. एकनाथजी रानड्यांनी तेव्हा देशभरातून असा रुपया-रुपया गोळा केला. ते आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे, शिकले नागपुरात. १९७० साली स्मारक खुलं झालं, तेव्हापासून आईचं एकच, "माझा रुपया कुठं लागला ते पाहायचं आहे." गुडघे दुखत होते तरी सगळ्या पायऱ्या चढली ती.

ध्यानमंडपात अंधुक उजेड, समोर ॐ. आईनं डोळे मिटले. पाच मिनिटं नाही झाली, तर मागं आमच्याच ग्रुपमधला एक जण फोनवर सुरू, "अबे, आवाज नाही येऊन राहिला तुझा!" एक बाई लेकराला चिप्सचं पाकीट फोडून देते. अरे, लाज नाही वाटत? समोर म्हातारी माणसं डोळे मिटून बसली आहेत, दिसत नाही? तेवढ्यात टूरवाल्याचा पोरगा आला आणि आईचा खांदा हलवून म्हणाला, "आजी, चला, बोट सुटते." घाईघाईनं उठताना आईचा तोल गेला.

खाली आलो तर बोटीचा पत्ता नाही. काचेच्या पुलावर रील काढणाऱ्यांसाठी वीस मिनिटं थांबलो! त्यांना नाही कोणी खांदा धरून हलवलं. ती वीस मिनिटं माझ्या आईची होती.

काल त्याच टूरवाल्यानं पुढच्या ट्रिपची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. "शिलास्मारकावर ध्यानाचा अनुभव." खाली फोटो, पायऱ्यांवर हात जोडून उभी असलेली माझी आई. मी लिहिलं, आत्ताच्या आत्ता काढा तो फोटो. निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर नाही.