‘आमच्या गावात मॅस्टोडॉन कशाला?’ या कमेंटला जरा लांबच उत्तर

भाऊ, तुमची कमेंट वाचली. मागच्या पोस्टमधे मी मॅस्टोडॉनबद्दल (ट्विटरसारखंच सोशल मीडिया, पण कोणा एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं) लिहिलं तं तुम्ही म्हणता की हा पुण्या-बंगलोरच्या आयटीवाल्या पोट्ट्यांचा टाइमपास आहे, आपल्या दारव्हा-दिग्रसकडे सगळा गाव फेसबुक आणि व्हॉट्सॲपवर, तेही फुकटात, मग काऊन बदलायचं. आणि बदलायचंच असेल तं स्वदेशी ॲप घ्या. वरून विचारलं की तुमच्या त्या मॅस्टोडॉनवर आपल्या भागातले कास्तकार किती?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. माझ्या ओळखीचा एकही नाही. उद्या येतील असंही वाटत नाही. २०१९ च्या नोव्हेंबरमधे सुप्रीम कोर्टाचे वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद झालं तेव्हा देशातले लय लोक चिडून मॅस्टोडॉनवर गेले होते, आणि त्यातले बरेचसे काही दिवसांत गुपचूप परतही आले, कारण जिथं चार ओळखीचे बसतात तिथंच माणूस बसतो. हे मला मान्यच आहे. पण मी गाव हलवा असं म्हटलंच नव्हतं ना. माझं म्हणणं एवढंच होतं की निघायची वेळ आली तं आपली माणसं सोबत घेऊन निघता आलं पाहिजे.

आता बघा, तुमच्याकडे जिओ, माझ्याकडे बीएसएनएल, तरी फोन लागतो. (लागला तं.) आणि २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे काही कंपन्यांनी मोठ्या मनानं दिलेलं नाही, ट्रायनं, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नियम केला म्हणून झालं. सोशल मीडियात यातलं काहीच नाही, फेसबुकवरून एक्सवाल्याला (म्हणजे आधीचं ट्विटर) फॉलो करता येत नाही आणि सोडून गेलात तं फॉलोअर तिथंच राहतात. मॅस्टोडॉन जर्मनीतल्या ऑयगन रॉख्कोनं २०१६ मधे सुरू केलं. ते एक साईट नाहीच, हजारो वेगवेगळे सर्व्हर (साईट चालवणारे कॉम्प्युटर) आहेत, कोणाचा कॉलेजचा, कोणाचा संस्थेचा, कोणाचा घरचा, आणि सगळे ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एका ठरलेल्या पद्धतीनं एकमेकांशी बोलतात. ती पद्धत २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसीचं, म्हणजे वेबचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, अधिकृत स्टँडर्ड आहे, म्हणजे कोणा एका शेठची नाही. एका सर्व्हरवाल्याशी पटलं नाही तं दुसरीकडे जा, फॉलोअर आपोआप मागं येतात.

याचा गावाशी काय संबंध म्हणाल तं ऐका. आमच्या इथल्या एका पोट्ट्याचं कापसाच्या माहितीचं पेज होतं, एका मोठ्या साईटवर, नाव घेत नाही. बोंडअळी दिसली की लोक पराटीचा फोटो त्याला पाठवायचे, तो कृषी सहायकाला विचारून उत्तर टाकायचा, बाजारभाव टाकायचा. २०१७ मधे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती माणसं गेली ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून दर हंगामात तो औषधाच्या डब्याचा जवळून फोटो टाकायचा, लेबलवरचा लाल तिकोन बोटानं दाखवून, की हा दिसला म्हणजे सगळ्यात जहाल, मास्क-हातमोज्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका, दोन औषधं मनानं मिसळू नका. एका सकाळी पेज बंद. धोकादायक वस्तूंची विक्री केल्याचं कारण. अपील केलं तं लगेच मशीनचं उत्तर, निर्णय कायम. माणूस म्हणून कोणी बोललंच नाही. ऐन फवारणीच्या दिवसात गेलं, आणि त्याचं दुःख फोटो गेल्याचं नव्हतं हो, ती सगळी माणसं आता कुठं शोधायची हे होतं. कोणाचा नंबर नाही, फक्त नावं, आणि तीही त्या साईटच्या आत.

स्वदेशीचं म्हणाल तं कू आठवतं का, ते ट्विटरसारखं आपलं देशी ॲप? २०२० मधे आलं, मंत्री-संत्री सगळे गेले, आणि जुलै २०२४ मधे बंद. मालक बंगलोरचा असो की कॅलिफोर्नियाचा, दाराची किल्ली त्याच्याच खिशात. टिकटॉकचंही तेच, जून २०२० मधे सरकारनं ५९ ॲप बंद केले तेव्हा खेड्यापाड्यातल्या किती पोरापोरींचे फॉलोअर एका रात्रीत गेले. (सरकारनं मनावर घेतलं तं मॅस्टोडॉनचे सर्व्हरही ब्लॉक होतील, त्याला तिथंही इलाज नाही.) आणि या कंपन्यांना निघायचा रस्ता किती खुपतो तेही बघा, डिसेंबर २०२२ मधे ट्विटरनं मॅस्टोडॉनच्या लिंका द्यायलाच बंदी केली होती, बोंबाबोंब झाल्यावर ती मागं घेतली.

मॅस्टोडॉन म्हणजे स्वर्ग असंही नाही बरं. सर्व्हर चालवणारा कंटाळला की दुकान बंद, मॅस्टोडॉन डॉट लोल नावाचा चांगला मोठा सर्व्हर २०२३ मधे असाच गेला. दुसरीकडे जाताना फॉलोअर येतात पण जुन्या पोस्टी येत नाहीत. खाजगी मेसेज ॲडमिनला मनात आलं तं वाचता येतात, तिथं बँकेचं-घरचं काही लिहू नका. आणि ब्लूस्काय नावाच्या अशाच दुसऱ्या सोशल मीडियावाले विकेंद्रित विकेंद्रित (म्हणजे एका मालकाच्या हातात नाही) म्हणतात पण बहुतेक अकाउंट अजून त्याच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत, तं त्यांचं मी अर्धंच धरतो.

फुकटाचं एका वाक्यात संपवतो, जाहिरातवाला पैसे देतो म्हणून कोणाला काय दाखवायचं ते कंपनी ठरवते, आणि तुमच्या पेजला हजारो फॉलोअर असूनही पोस्ट मोजक्याच लोकांना दिसते हे तुम्हीच मागं लिहिलं होतं.

मग करायचं काय? फेसबुक राहू द्या. पण पेजपेक्षा व्हॉट्सॲप ग्रुप बरा, तिथं निदान नंबर ॲडमिनच्या फोनमधे असतात, ते वहीत उतरवून ठेवता येतात. ग्रुपमधे १०२४ च्या वर माणूस बसत नाही म्हणून आजकाल सगळे चॅनेल काढतात, तिथं मात्र फॉलोअरचे नंबर ॲडमिनलाही दिसत नाहीत, म्हणजे परत तेच पेज. तुमचा संत्र्याचा ग्रुप भरत आला म्हणता, तं दुसरा ग्रुप काढा, चॅनेल नको. आणि जे काही कामाचं लिहाल ते आधी स्वतःच्या साध्या ब्लॉगवर टाका आणि मग त्याची लिंक ग्रुपमधे सोडा.