डब्लिनमधला ड्राय डे

मार्च उजाडला की आमच्या घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. यंदा काकांनी टाकला, तोही मला टॅग करून, कारण मी डब्लिनला राहते. मजकूर थोडक्यात असा: १७ मार्चचा सेंट पॅट्रिक्स डे हा आयरिश लोकांचा दीड हजार वर्षांचा दारू पिण्याचा सण, पॅट्रिक नावाच्या आयरिश संताने देशातले साप हाकलले, त्याचा हा जल्लोष, त्या दिवशी अख्खा देश सकाळपासून हिरवी बिअर ढोसतो, मग झिंगलेल्यांची मिरवणूक निघते आणि टेंपल बार नावाच्या पुरातन पबवस्तीत विसर्जित होते. शेवटी टोमणा: ‘बघा, हे लोक आपल्या संतांचा मान कसा ठेवतात!’ काकांना मी फोनवर उत्तर दिलं. पण हा मजकूर माहेरच्या, सासरच्या आणि सोसायटीच्याही ग्रुपवर फिरून आला, म्हणून हे लिहायला बसले.

आधी साप आणि संत, कारण ते चटकन आटपेल. पॅट्रिक आयरिश नव्हताच. तो पाचव्या शतकातला, रोमन ब्रिटनमधल्या बऱ्या घरचा मुलगा. सोळाव्या वर्षी समुद्री लुटारूंनी त्याला पळवून आयर्लंडमध्ये गुलाम केलं. सहा वर्षं गुरं राखून तो निसटला आणि पुढे धर्मप्रसारासाठी त्याच बेटावर परतला. हे त्याने स्वतः लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय. सापांबद्दल त्यात अवाक्षर नाही. असणार कसं? हिमयुगानंतर बेट समुद्राने वेढलं गेलं आणि साप तिथवर पोचलेच नाहीत.

आता ‘दीड हजार वर्षांचा दारूचा सण’. इथे मला खरोखर हसू आलं, कारण विसाव्या शतकातली कित्येक वर्षं सतरा मार्च हा आयर्लंडमध्ये चक्क ड्राय डे होता. आपल्याकडे दोन ऑक्टोबरला असतो तसा. दिवस मुळात चर्चचा. तो येतो लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या, उपवासात, आणि संताच्या नावाने त्या एका दिवसापुरती उपवासाला सूट मिळायची. तेव्हा घोट-दोन घोट पूर्वीपासून होते, हे मान्य. पण सार्वजनिक सुट्टी झाली १९०३ साली, आणि देश स्वतंत्र झाल्यावर १९२०च्या दशकात सरकारने कायदाच केला: नाताळ, गुड फ्रायडे आणि सेंट पॅट्रिक्स डे, तिन्ही दिवस पब बंद. ही बंदी उठली १९६०च्या कायद्याने. गुड फ्रायडेची तर अगदी अलीकडे, २०१८ साली.

बंदी म्हटली की पळवाट आलीच. डब्लिनमध्ये त्या दिवशी रॉयल डब्लिन सोसायटीच्या आवारात कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं आणि तिथल्या बारला परवानगी होती. त्यामुळे वर्षभर कुत्र्याकडे ढुंकूनही न पाहणारी मंडळी त्या दिवशी अचानक श्वानप्रेमी व्हायची. हा किस्सा इथले म्हातारे अजून डोळे मिचकावत सांगतात. ज्या सणाला दारू मिळवायला कुत्री बघायला जावं लागत होतं, त्याला दारूचा पुरातन सण कसं म्हणायचं?

मिरवणुकीचं तर याहून उलटं आहे. ती आयर्लंडातून जगभर गेली नाही, जगातून आयर्लंडात आली. फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टिन या स्पॅनिश वसाहतीत १६०१ साली अशी मिरवणूक निघाल्याची नोंद सापडली आहे. न्यूयॉर्कची सुरू झाली १७६२ साली, तीही ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश शिपायांनी काढलेली. पुढे दुष्काळाने आणि दारिद्र्याने देशोधडीला लागलेल्या लाखो आयरिश लोकांनी परमुलखात ‘आम्हीही आहोत’ हे दाखवण्यासाठी ती वाढवली. डब्लिनमध्ये सरकारने मिरवणूक काढली ती १९३१ साली, लष्करी संचलनाच्या थाटात. आज दिसतो तो अनेक दिवसांचा उत्सव तर १९९६ पासूनचा, सरकारने ठरवून उभा केलेला. घरापासून लांब गेलेल्यांना सणाचा उमाळा जास्त येतो, हे परदेशी महाराष्ट्र मंडळाचा गणपती पाहिलेल्यांना मी वेगळं सांगायला नको.

आणि ‘झिंगलेल्यांची मिरवणूक’? दुपारी बारा वाजता पार्नेल स्क्वेअरहून निघून ओकॉनेल स्ट्रीटवरून नदी ओलांडून ती सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलच्या दिशेने जाते. मी दोन तास आधी वाटेतल्या डेम स्ट्रीटवर उभी होते आणि तरी मला चौथी रांग मिळाली. माझ्यापुढे काय होतं? शिड्या! इथले आईबाप घरातली घडीची शिडी खांद्यावर टाकून आणतात आणि पोरांना वरच्या पायरीवर बसवतात. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांचे बँड थंडीत कुडकुडत वाजवत गेले, मध्येच गारा पडल्या, कोणी हललं नाही. म्हाताऱ्यांच्या कोटाला शॅमरॉकची, म्हणजे त्या तीन पानांच्या रोपट्याची, खरी जुडी टाचलेली. ओकॉनेल स्ट्रीटवर मिरवणूक ज्या पुतळ्यांजवळून जाते त्यांत एक आहे फादर मॅथ्यू यांचा. १८३८ पासून लाखो आयरिश लोकांकडून दारू सोडण्याची शपथ घेवविणारे हेच ते गृहस्थ. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हा पुतळा दिसला नाही, कारण तो इथे आलेलाच नसावा.

हिरवी बिअर अमेरिकन कल्पना. शिकागोवाले तर १९६२ पासून नदीच हिरवी करतात. इथे पबमध्ये हिरवी बिअर मागा, बारमन तुमच्याकडे कीव केल्यासारखं बघेल. खुद्द पॅट्रिकचा जुना रंग तर निळा होता. हिरवं खरं असतं ते शॅमरॉक. त्याचं भांडं दर वर्षी आयर्लंडचा पंतप्रधान व्हाइट हाउसमध्ये नेऊन देतो. हे काम मालवण तालुक्यातल्या वराडशी नाळ असलेल्या लिओ वराडकरांनीही केलंय. २०२० साली कोरोनामुळे हस्तांदोलन टाळून त्यांनी आणि ट्रम्प यांनी एकमेकांना नमस्कार केला होता. काका, हा व्हिडिओ फॉरवर्ड करा की!

राहिलं टेंपल बार. नावात मंदिरही नाही आणि दारूचा बारही नाही: टेंपल हे एका घराण्याचं आडनाव, आणि बार म्हणजे नदीकाठची वाट. १९८०च्या दशकात सरकारी वाहतूक कंपनी तिथे बसस्थानक बांधणार होती. तोवर घेतलेल्या जुन्या इमारती तिने स्वस्त भाड्याने दिल्या, त्यात चित्रकार आणि वादक शिरले, आणि १९९१ पासून सरकारने वस्तीला सांस्कृतिक भाग म्हणून नवं रूप दिलं. सतरा मार्चला तिथे पर्यटकांची चेंगराचेंगरी असते. डब्लिनकर शक्यतो फिरकत नाहीत.

मी गेले ते स्मिथफील्ड भागातल्या कॉबलस्टोन या पबमध्ये. तिथे वादक स्टेजवर नसतात, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकमेकांकडे तोंड करून बसतात. फिडल, बासरी, मध्येच कोणीतरी डोळे मिटून गातं आणि सगळं पब गप्प होतं. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखं: आधी स्वतःसाठी, मग ऐकणाऱ्यांसाठी. दारू न पिणाऱ्याला कोणी आग्रह करत नाही. एक जपायचं: कोणी राउंड, म्हणजे सगळ्यांसाठी एकेक पेय, आणला तर पुढचा तुमचा, भले तुम्ही नुसता सोडा पीत असाल.

फॉरवर्डमध्ये काहीच खरं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. रात्री नऊनंतर ओकॉनेल स्ट्रीटवर फुटक्या बाटल्या असतात, पोलिसांची झोप उडते, आणि त्या दिवशी दुकानांत बाटली साडेबाराच्या आधी विकायला मनाई आहे, ती उगाच नाही. दारूचा प्रश्न या देशाला आहे आणि त्यावर इथले लोक आपल्याहून मोकळेपणी बोलतात. पबमध्येही लहान मुलांनी नऊला बाहेर पडायचं असा नियम आहे. आमच्या शेजारच्या टेबलावर एक आजी नातवाचा कोट चढवत होत्या, तो ‘अजून एक गाणं’ म्हणून हटून बसला होता, आणि घड्याळात नऊला पाच कमी होते.