‘बाहेरच्यांना सगळं फुकट’ या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. सारांश असा: फाळणीनंतर सिंध्यांना सरकारनं घरं-दुकानं फुकट वाटली म्हणून ते वर आले, आता पाकिस्तानातून येणाऱ्यांना आणि यूपी-एमपीच्या मजुरांनाही तेच मिळतंय, आपलं रेशन ते खातात, आपल्या पोरांचं काम नेतात, यांना थारा देऊ नका. शेवटी ‘भटाला दिली ओसरी’ आहेच. पाठवणारे बहुतेक ओळखीचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती फुकटची घरं. फाळणीत पंजाब आणि बंगाल विभागले गेले. सिंध अख्खा पलीकडे गेला. तिथून निघालेल्यांना इकडे स्वतःचा म्हणावा असा एक जिल्हाही नव्हता. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि लोंढा वाढला. बोटीनं मुंबई, मग कल्याणची लष्करी छावणी, म्हणजे आजचं उल्हासनगर. काही कुटुंबं पुढे खान्देशात आली. भरपाईचा कायदा झाला तो १९५४ मध्ये, आणि मिळाली ती मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा तपासून. दावा जितका मोठा, तितकं हातात पडणारं प्रमाण कमी. सरकारची थकबाकी असेल तर तीही त्यातूनच वळती व्हायची. तिकडे ज्याचं काही नव्हतं, त्याचा दावाच नव्हता. याला फुकट म्हणायचं असेल तर धरणात गेलेल्या जमिनीचा मोबदलाही फुकटच म्हणा!

दुकानं कशी चालली? मार्जिन कमी, उलाढाल जास्त, आणि घरातली सगळी माणसं गल्ल्यामागे. लग्नाचा बस्ता उधारीवर देऊन ‘कापूस विकला की पैसे द्या’ म्हणणारा दुकानदार कोण होता, हे घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा विचाराच.

आता आजच्यांचं. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे त्यातून मिळणारे हक्क इथे कुणाला आपोआप लागू होत नाहीत. पाकिस्तानातून आलेलं हिंदू कुटुंब दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतं. २०१६ मध्ये त्यांना बँक खातं, पॅन, लायसन्स, राहण्यापुरतं घर विकत घेणं अशा सवलती मिळाल्या. विकत, बरं का. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीचा फायदाही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच, आणि तिचे नियम निघाले मार्च २०२४ मध्ये. नागरिकत्व मिळेपर्यंत मत नाही, तरी ‘व्होट बँक’ हा शब्द त्या मेसेजमध्ये दोनदा आलाय.

फुकटाचं सुख बघायचं असेल तर अशा कुटुंबाबरोबर भाड्याची खोली शोधायला जा. पासपोर्ट परदेशी म्हटल्यावर घरमालकाला २४ तासांत भाडेकरूची माहिती ऑनलाइन ‘फॉर्म ३’मध्ये (२०२५ पर्यंतचा ‘फॉर्म सी’) भरावी लागते. काम दहा मिनिटांचं, पण पोलिसांचं झेंगट नको म्हणून तो ‘आमचे पाहुणे येणार आहेत’ सांगून मोकळा होतो. व्हिसा वाढवायला पत्त्याचा पुरावा लागतो, आणि पुराव्यासाठी भाडेकरार. करार करायला मालक तयार नाही. मग एसपी ऑफिसला खेटे. इथे कुणाला देणगी द्यायची नाहीये. तो फॉर्म भरून देणारा एक शेजारी भेटला तरी त्या घराचं निम्मं काम होतं.

रेशनचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत परराज्यातला मजूर स्वतःच्या कार्डावरचं धान्य इथे उचलतो आणि ते त्याच्याच कोट्यातून वजा होतं. तुमच्या कार्डावरचा दाणाही त्यानं हलत नाही.

कामाच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, ते नाकारत नाही. रावेर-यावलला केळीचे घड वाहून ट्रक भरणाऱ्या टोळीत बडवानी-खरगोनकडचे पावरा-बारेला मजूर असतात आणि ठेकेदार त्यांना कमी मजुरीत राबवून घेतो. आपल्या पोरांचा भाव त्यानं पडतो. पण २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यातच लिहिलं होतं की ठेकेदारानं आणलेल्या मजुराला त्याच कामाची स्थानिकापेक्षा कमी मजुरी देता येणार नाही. भाव पाडणारा ठेकेदार आपल्याच गावचा, कधी कधी हा मेसेज पाठवणाऱ्याच ग्रुपमधला! मजुराला हाकलून तो सुधारणार नाही, उद्या दुसरी टोळी आणेल. बाहेरच्याला पूर्ण मजुरी मिळाली तरच गावातल्याचा भाव टिकेल.

आणि ‘बाहेरचे’ म्हणताना सुरत विसरू नका, भो. उधना-लिंबायतमध्ये अहिराणी ऐकू येते ती कुणाची? नवसारीचे खासदार सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मलेले. नंदुरबारच्या कितीतरी पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊस तोडायला जातात. हाच मेसेज गुजरातीत फिरला तर आपण काय उत्तर देऊ?

राहता राहिलं ‘ते आपली भाषा शिकत नाहीत’. मोठी माणसं कामावर मोडकंतोडकं शिकतातच. पोरांना शाळेच्या दारातून परत पाठवलं तर ती कुठे शिकणार? दाखला नाही, जन्माचा पुरावा नाही, ही कारणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात चालत नाहीत. दाखल्यासाठी कलम ५, वयाच्या पुराव्यासाठी कलम १४. केळीच्या टोळीबरोबर आलेल्या पोराला गावातल्या शाळेनं जूनमध्ये परत पाठवलं, तर मुख्याध्यापकांना एवढी दोन कलमं दाखवून या.